जुलैत तारा उचलतात, मार्चमध्ये झर्र वाजतं: छोट्या हातघडणीच्या गिटारचं दरसालचं दुखणं

पाऊस स्थिरावला की तक्रारी सुरू होतात. अ‍ॅक्शन वर गेलीय, म्हणजे तारा फिंगरबोर्डपासून उंच गेल्यात, एफ कॉर्ड धरताना बोटं सोलतात, मागच्या महिन्यापर्यंत लोण्यासारखी वाजत होती. गिटार बहुतेकदा छोट्या बॉडीची, कुणा लूथियरने, म्हणजे गिटार घडवणाऱ्या कारागिराने, हाताने घडवलेली आणि चांगली महाग. मालक एक तर स्वतः अ‍ॅलन की घेऊन नेकमधला ट्रस रॉड पिळतो, नाहीतर जवळच्या दुकानात जाऊन सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून आणतो. तारा खाली येतात, काही महिने बरे जातात. मग फेब्रुवारी-मार्च उजाडतो आणि तीच गिटार पाचव्या-सहाव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) झर्र वाजायला लागते. पुन्हा दुकान, आता नवं उंच सॅडल. पुढच्या जुलैत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यात गिटार बिघडलेली नसते, तिच्याभोवतीची हवा बदललेली असते. ती हवा मोजल्याशिवाय गिटारला हत्यार लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमचा त्रास ऋतूबरोबर येत-जात असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं. बारा महिने एकसारखाच असेल तर थेट 'ऋतूशी घेणंदेणं नसलेले आवाज' या भागाकडे जा.

लाकूड नेमकं किती हलतं

गिटारचा टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, स्प्रूसचा असतो, काही वेळा सीडरचा किंवा महोगनीचा. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगतं. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के असेल तेव्हा लाकडात साधारण ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली की ते १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागतं, आणि २५ टक्क्यांवर आली की ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतं.

आता हिशेब करा. ओ या छोट्या मापाच्या गिटारचा खालचा फुगवटा साडेतेरा इंच, म्हणजे सुमारे ३४३ मिमी. क्वार्टरसॉन स्प्रूस, म्हणजे जे लाकूड त्यातल्या त्यात कमी हलतं ते, पाण्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.१५ टक्के बदलतं. सहा टक्क्यांचा फरक पडला तर मोकळी फळी तीन मिलिमीटरनं रुंद होईल. पण गिटारमधली फळी मोकळी नसते. कडेला बाजूच्या पट्ट्यांना चिकटलेली, खालून ब्रेसनी, म्हणजे आतल्या लाकडी आधारपट्ट्यांनी, आडवी-तिरपी बांधलेली. मग तिला जागा एकाच दिशेला मिळते, वर. ब्रिजच्या (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे पोट सुटतं, ब्रिज उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा. कोरड्या हवेत उलटं होतं. फळी आक्रसते, घुमट सपाट होतो, ब्रिज खाली बसतो आणि तारा फ्रेटांना टेकायला लागतात. त्याहून कोरडं झालं तर फळी ताण न सोसून रेषेत फाटते.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ब्रिजच्या हालचालीच्या निम्म्यानं बदलते. म्हणजे टॉप एक मिलिमीटर उचलला तर अ‍ॅक्शन अर्धा मिलिमीटर वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २.२ मिमीची अ‍ॅक्शन २.७ झाली की हाताला लगेच कळतं. वर्षभरात अर्धा-पाऊण मिलिमीटरचा झोका मी अगदी सामान्य धरतो.

मोठ्या कारखान्यातल्या स्वस्त गिटारला हे होत नाही, असं लोक सांगतात आणि ते खरं आहे. त्या बहुतेक प्लायच्या असतात. एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले पातळ थर एकमेकांना हलू देत नाहीत. आवाजही तितकाच बांधलेला राहतो, पण तो वेगळा विषय. छोट्या बॉडीच्या हातघडणीच्या गिटारचं गणित याच्या उलट आहे. ड्रेडनॉट या मोठ्या मापाच्या गिटारचा फुगवटा साडेपंधरा इंचांहून जरा जास्त असतो. तेवढी जागा नसताना आवाज काढायचा म्हणजे टॉप पातळ आणि ब्रेस हलक्या ठेवाव्या लागतात. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २.८ मिमीचा टॉप २.५ मिमीच्या टॉपपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी ताठ असतो, फरक फक्त ०.३ मिमीचा असूनही. चांगला लूथियर याच काठावर काम करतो. फळी बोटांनी वाकवून, टिचकी मारून, कानाशी धरून ठरवतो की आता रंधा थांबवायचा. ज्या हलकेपणाचे तुम्ही पैसे मोजलेत तोच हवेला पटकन प्रतिसाद देतो. आणि बाहेरून पॉलिश कितीही असलं तरी आतलं लाकूड उघडंच असतं. ओल साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आत जाते.

आधी हवा मोजा

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, काही शे रुपयांत मिळतो. स्वस्त मीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून घेतल्या घेतल्या मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका, मीठ दिसत राहिलं पाहिजे. हे झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत शेजारी-शेजारी ठेवून पिशवी बंद करा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी आतली आर्द्रता ७५ टक्के असते. हा मिठाचा गुणधर्म आहे, त्यात घासाघीस नाही. मीटर ७० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच मिळवायचे, एवढं एका चिकटपट्टीवर लिहून मीटरच्या पाठीला लावून टाका.

मग तो मीटर गिटारच्या केसमध्ये ठेवा. भिंतीवर लावून उपयोग नाही, कारण आपल्याला केसमधली हवा कळायला हवी. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा बघा. ४५ ते ५५ च्या दरम्यान असेल आणि तरीही त्रास असेल तर तो गिटारचा. ७० च्या वर किंवा ३५ च्या खाली असेल तर आधी हवा सुधारायची.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर ८० च्या वरचे आकडे रोजचेच. पुण्याची गंमत वेगळी, पावसाळ्यात तिथेही ८० दिसतात, पण मार्च-एप्रिलच्या दुपारी पारा चढतो तशी आर्द्रता २५ च्या खाली घसरते. म्हणजे पुण्यातल्या गिटारला दोन्ही टोकं सोसावी लागतात, म्हणूनच हे चक्र मी पुण्यात सर्वांत जास्त बघतो. विदर्भात उन्हाळा आणखी कोरडा, पण तिथे घरोघरी कूलर. कूलर म्हणजे ओल्या वाळ्यातून हवा ओढणं. चालू असताना खोलीत भरपूर दमटपणा, बंद केला की पुन्हा रखरखाट. कूलरच्या झोतात स्टँडवर उभी गिटार दिवसातून दोनदा ऋतू बदलते. नागपूरच्या मंडळींनी मे महिन्यात गिटार केसमध्येच ठेवावी, दुसरा उपाय नाही. एसीचं उलट आहे. मुंबईत पावसाळ्यात रात्रभर एसी चालणारी खोली गिटारसाठी घरातली सर्वांत चांगली जागा असते, फक्त झोत थेट अंगावर नको.

अमेरिकेतून येणाऱ्या गिटारींची गोष्टही यातलीच. न्यू जर्सीत राहणारा भाचा सुट्टीत येताना छोटी गिटार भेट म्हणून घेऊन येतो. ज्या नाझरेथ गावात मार्टिन कंपनीचा कारखाना आहे ते शेजारच्याच पेन्सिल्व्हेनियात, न्यू जर्सीच्या हद्दीपासून फार लांब नाही. तिथे हिवाळ्यात हीटिंग चालू असताना घरातली हवा २०-२५ टक्क्यांवर येते. तशा घरात सहा महिने काढलेली गिटार जुलैत दादरला उतरली की तिचं पोट सुटणारच. तिला घाईनं सेटअप करू नका, महिनाभर चांगल्या केसमध्ये राहू द्या. इकडून तिकडे जाणाऱ्या गिटारला याहून मोठा धोका असतो, कारण ती फुगलेली जाते आणि तिकडे फाटते.

मग गिटार मोजा

लागणारं साहित्य: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, एक लांब सरळ पट्टी, कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच). फीलर गेज मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच. गिटार आधी बरोबर सुरात लावा. सैल तारांवर घेतलेली मापं फुकट, कारण सहा तारांचा मिळून ओढा ६५ ते ७५ किलोच्या घरात असतो आणि सगळा आकार त्या ओढ्याखाली ठरतो.

पहिलं माप रिलीफचं, म्हणजे नेकच्या बाकाचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबा, बॉडीला नेक बाराव्या फ्रेटवर जोडलेली असेल तर बाराव्यावर. आता सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते फीलर गेजनं बघा. ०.१ ते ०.२५ मिमी ठीक. दुसरं माप अ‍ॅक्शनचं, कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर. जाड तारेखाली २.२ ते २.४ मिमी, बारीक तारेखाली १.६ ते १.९, बोटांनी वाजवणाऱ्याला हे पुरतं. तिसरं नटचं, खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या पट्टीच्या खाचांत बसतात तिचं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, कागदाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे.

चौथं माप सहसा कुणी घेत नाही आणि सगळं उत्तर तिथेच असतं. ३० सेंमीची पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवा. चांगल्या गिटारचा टॉप मुळात सपाट नसतो, साधारण आठ-साडेआठ मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा असल्यासारखा त्याला घुमट दिलेला असतो. पट्टी मधोमध टेकेल आणि समतोल धरली की दोन्ही टोकांना दीड मिलिमीटरच्या आसपास फट दिसेल. फट तीन-चार मिलिमीटर असेल तर टॉप फुगलाय. पट्टी सगळीकडे सारखी टेकत असेल किंवा मधेच पोकळी दिसत असेल तर टॉप वाळलाय, आणि हे लक्षण बझपेक्षा, म्हणजे त्या झर्र आवाजापेक्षा, गंभीर आहे. हा आकडा, मीटरवरची आर्द्रता आणि तारीख, तिन्ही एका ओळीत लिहून ठेवा. वर्षभराच्या पाच-सहा ओळी जमल्या की गिटार स्वतःच सांगते काय चाललंय ते.

पावसाळ्यातली उंच अ‍ॅक्शन

सर्वांत जास्त नुकसान ट्रस रॉडनं होतं. ट्रस रॉड फक्त नेकचा बाक कमी-जास्त करतो. तो तारा खाली आणायचा स्क्रू नाही. रिलीफ ०.२ आहे आणि अ‍ॅक्शन २.९, अशा गिटारचा रॉड पिळला तर नेक उलटी वाकते, सुरुवातीच्या फ्रेटांवर बझ येतो आणि बाराव्याला उंची तशीच राहते. रिलीफ खरोखर जास्त असेल तरच रॉडला हात लावा, एका वेळी आठवा भाग फेरा, मग पुन्हा सुरात लावून मोजा. छोट्या जुन्या धाटणीच्या गिटारींत तर फिरणारा रॉड असेलच असं नाही. मार्टिनच्या गिटारींतसुद्धा तो १९८५ मध्ये आला, त्याआधी नेकमध्ये लोखंडी पट्टी किंवा नळी असायची. त्या धाटणीवर काम करणारे आजचे बरेच लूथियर नेकमध्ये कार्बन फायबरची पट्टी बसवतात, तीही फिरत नाही.

दुसरी चूक म्हणजे ऑगस्टमध्ये नेक रिसेटचा, म्हणजे नेक सोडवून कोन बदलून पुन्हा बसवायचा, निर्णय. लांब पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत नेली तर ती ब्रिजच्या वरच्या कडेला जेमतेम लागली पाहिजे, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. फुगलेल्या टॉपवर ब्रिजच वर आलेला असतो, म्हणून पट्टी त्याच्या तोंडावर आपटते. बघणारा म्हणतो, नेकचा कोन गेला. दिवाळीनंतर तीच पट्टी ठेवून बघा, बऱ्याच गिटारींचा कोन परत आलेला असतो. आर्द्रता ५० च्या आसपास असताना महिनाभर राहिलेल्या गिटारवरच रिसेटचा निर्णय घ्यायचा. हजारोंचं काम आहे ते.

करायचं काय? आधी ओल काढायची, तीही हळू. हार्ड केस हवी, कापडी किंवा रेक्झिनच्या बॅगेत हवा अडत नाही. कापडी पुरचुंडीत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल बांधून केसमध्ये हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) खालच्या जागेत ठेवा. नारंगी दाण्यांचं घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते घरात नको. दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवून पुन्हा वापरता येतात. मुंबईत जुलैत ही पाळी दर आठवड्याला येते, आळस चालत नाही. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या, म्हणजे ओल घेणाऱ्या आणि देणाऱ्या, तयार पुड्या सोयीच्या आहेत, पण भर पावसात त्या ओल पिऊन लवकर थकतात. केसमधला आकडा ५० ते ५५ वर आला की थांबा, ४० चा हट्ट नको. आणि उन्हात, हेअर ड्रायरसमोर किंवा गॅसजवळ ठेवून सुकवायचा विचारसुद्धा मनात आणू नका. गिटार म्हणजे गच्चीवर चादरीवर टाकायची कुरडई नव्हे. पॉलिश आणि गोंद दोन्ही आधी जातात, लाकूड नंतर वाळतं.

एवढं करूनही कोकणातल्या किंवा समुद्राकाठच्या घरात ५५ वर आणणं जमत नाही. तिथे मी दोन सॅडलचा सल्ला देतो. हा उपाय जुना आहे, जिथे जिथे ऋतू टोकाचे तिथले कारागीर तो करतात. मूळ सॅडलला कुणी हातही लावायचा नाही. हाडाचा नवा तुकडा घ्यायचा, खाचेच्या जाडीचा, बहुधा २.४ किंवा ३.२ मिमी. मूळ सॅडल त्यावर ठेवून बारीक पेन्सिलनं कड आखून घ्यायची, वरच्या चढ-उतारासकट. बी तारेखाली मागे सरकवलेला टोक-बिंदू असतो तो हुबेहूब उतरला पाहिजे, नाहीतर सूर वर गेल्यावर बेसूर होतील. वरचा आकार कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं.

आता खालची बाजू. अ‍ॅक्शन अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल एक मिलिमीटरनं कमी हवं. तळापासून एक मिलिमीटरवर रेघ मारा. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, सॅडल त्यावर उभं धरून सरळ पुढे-मागे घासा. बोट कलतं झालं की तळ गोल होतो, म्हणून दर थोड्या वेळानं तुकडा उलटा धरा आणि गुण्याला लावून प्रकाशासमोर बघा, खालून उजेड दिसता कामा नये. रेघेजवळ आलात की ४०० चा पेपर. हाडाची पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, वासही फार छान नसतो. तयार सॅडल खाचेत बोटाच्या दाबानं गेलं पाहिजे. ठोकावं लागलं तर जाड आहे, गिटार उलटी केल्यावर आपोआप पडलं तर बारीक. तळाला पेन्सिलनं 'प' लिहा. मूळ सॅडलवर 'उ'. आषाढात 'प' घालायचं, दिवाळीच्या सुमाराला काढायचं. बदलताना सगळ्या तारा सैल करा, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ठेवा म्हणजे खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत.

एक मर्यादा आहे. ब्रिजच्या वर सॅडल दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर ही युक्ती करू नका. तारेचा सॅडलवरचा कोन मंदावतो आणि आवाज पडतो. तसं असेल तर कोनाचा प्रश्न खराच आहे, हिवाळ्यात लूथियरकडे जा.

कोरड्या दिवसातला बझ

मिरजेच्या तंबोऱ्यात जवारी लावून हाच झंकार मुद्दाम काढतात, घोडीच्या पृष्ठभागाचा उतार आणि त्यावरचा सुती धागा यांच्या जोरावर तार सतत हलकी घासत राहते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या कानाला तो गोड लागतो, पण गिटारवर नोट अर्ध्यातच मरते, म्हणून तो काढावाच लागतो.

बझ कुठे येतो ते आधी ठरवा. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि कॅपो लावताच जात असेल तर नटची खाच खोल गेलीय, ऋतूशी संबंध नाही. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर असेल तर रिलीफ कमी आहे, रॉड किंचित सैल करा. एकाच नोटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. पाचव्या-सहाव्यापासून वर सगळीकडे असेल आणि पट्टी टॉपवर सपाट बसत असेल, तर टॉप वाळून खाली बसलाय. दुसरी खूण नेकच्या कडेवर मिळते. हात वर-खाली फिरवताना फ्रेटांची टोकं टोचतात. फ्रेट वाढलेले नसतात, शिसवीचा किंवा आबनुसाचा फिंगरबोर्ड आत गेलेला असतो. टोकं लगेच कानशीनं घासू नका, ओल परत आली की निम्म्याहून अधिक टोचणं जातं.

या अवस्थेत नवं उंच सॅडल म्हणजे तापावर पांघरूण. ओल परत द्यायची. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत स्पंज ठेवा, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घालून घट्ट पिळा. पाणी टपकत असेल तर डबी केसमध्ये ठेवायची नाही. एक डबी हेडस्टॉकपाशी, फार कोरडं असेल तर दुसरी नेकच्या टाचेजवळ. आठवडाभर ते दोन आठवडे लागतात. टॉप हळूहळू उचलतो आणि बझ आपोआप जातो. मग सॅडलला हात लावायची वेळच येत नाही.

टॉपवर चीर दिसली तर लगेच गोंद भरू नका. फिंगरबोर्डच्या कडेनं किंवा ब्रिजपासून खालच्या टोकापर्यंत, रेषेच्या दिशेनं ती जाते. आधी ओल देऊन चीर आपणहून मिटू द्यावी, मगच लूथियर तिच्यात सरस भरून आतून आडव्या रेषेचे छोटे स्प्रूसचे तुकडे चिकटवतो. उघड्या चिरेत गोंद भरला तर पावसाळ्यात फळी फुगताना शेजारी नवी चीर पडते. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाच्या ट्यूबपासून गिटार चार हात लांब ठेवा. सरस गरम आणि ओला करून सोडवता येतो, ट्यूबमधल्यानं पुढच्या कारागिराची वाट लागते.

ऋतूशी घेणंदेणं नसलेले आवाज

यांची यादी मोठी आहे, पण शोधणं सोपं. तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजप्लेटला (ब्रिजखाली आतून लावलेल्या पट्टीला) नीट टेकला नसेल तर झणझण येते, पिन काढून तार वर ओढत पिन बसवा. ट्यूनरची सैल नटं, पट्ट्याचा खुंटा, पिकअपची लोंबती वायर हे नेहमीचे संशयित. सुटलेली ब्रेस ओळखायला तारा हातानं दाबून ठेवा आणि टॉपवर बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी टकटक करा. एका जागी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला की मोबाईलचा कॅमेरा टॉर्च लावून साउंडहोलमधून आत घाला आणि ब्रेसच्या कडेला फट शोधा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. दोन मिलिमीटर आत जात असेल तर तारा सैल करा आणि वाजवणं थांबवा. ब्रिज सुटायचं एक मोठं कारण हवा नसून मोटारीची डिकी असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जातं, आणि लाकडाचे बरेचसे गोंद त्याच सुमाराला नरमतात.

पॉलिशवर पांढुरका धूर दिसत असेल तर ते चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश असण्याची शक्यता मोठी. ओल त्यात अडकते. स्पिरिटनं पुसायला जाऊ नका, लाख त्यातच विरघळते. कोरड्या दिवसांत लूथियर ते परत चढवून देईल.

नवीन गिटार घडवून घेत असाल तर

लाकूड कोणतं आणि रोझेट (साउंडहोलभोवतीची नक्षी) कसा यावरच बहुतेक बोलणं होतं. मी आधी विचारतो, ब्रेस किती आर्द्रतेवर चिकटवता. ४० ते ४८ टक्क्यांचं उत्तर हवं, आणि कारागिराच्या खोलीत मीटर लटकलेला दिसला पाहिजे. मुंबईत भर पावसात डीह्युमिडिफायर न लावता चिकटवलेली गिटार म्हणजे फुगलेल्या मापावर बांधलेलं लाकूड. पहिल्याच कोरड्या मार्चमध्ये ते आक्रसायला लागतं आणि त्याला मागे सरकायला जागा नसते. कोरड्या खोलीत बांधलेली गिटार पावसात फुगते, कुरकुरते, पण फाटत नाही. दोन्हींतला फरक एवढाच की एकीला अ‍ॅक्शनचा त्रास होतो, दुसरीला चिरांचा.

त्यानंतर विचारायचं, नेक कशी जोडता. डव्हटेल (खोबणीत पाचरीसारखा बसणारा) सांधा सरसानं बसवलेला असेल तर कधीतरी रिसेट करताना वाफ देऊन तो सोडवावा लागतो. बोल्टनं जोडलेल्या नेकचा कोन त्या मानानं पटकन बदलता येतो. आपल्या हवेत मी बोल्टची बाजू घेतो, पारंपरिक कारागिरांना हे पटत नाही आणि त्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं असतं. ब्रेस आणि ब्रिजला फर्निचरचा पांढरा गोंद नको, तो सततच्या ओढ्याखाली हळूहळू सरकतो. सरस किंवा वाद्यांसाठीचा पिवळा गोंद चालेल. आणि पैसे देण्याआधी 'प' आणि 'उ', दोन्ही सॅडल त्याच्याकडूनच करून घ्या. मूळ गिटार हातात असताना हाडाचा आणखी एक तुकडा घासायला त्याला फारसा वेळ लागत नाही.